फेस्ताची सांज

आमचे हे, कृष्णनाथ, पाळीच्या खाणीवर फिटर. मशीन दिसलं की यांना बायको दिसत नाही. सुटी पाचला, घरी येणार आठला, वर म्हणणार, "एकच बोल्ट राहिलेला गो देवकी!" दहा वर्षं आमच्या तुळशीचं कन्यादान शेजारच्या गोकुळदासांनी केलं. घरात धडधाकट घोव असताना! मेली लाज वाटायची मला.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी निक्षून सांगितलं, "यंदा आला नाहीत तर तुळशीचं लग्नच लावायची नाही. मग बसा त्या बोल्टाला हळद लावत!"

खाणीवर तेव्हा माती उपसायचं नवं मशीन जोडत होते. त्यासाठी एक जर्मन सायब आलेला. पाच वाजले रे वाजले की हा बाबा पाना खाली ठेवी, हात पुशी आणि म्हणे, "फायराबेंट!" यांचा नुसता जळफळाट. तुळशीच्या लग्नादिवशीही तेच. हे चिडले, "एक बोल्ट राहिलाय! कसला हा तुझा आळशी शब्द?"

सायब हसला. दगडावर बसून त्याने मोडक्या इंग्रजीत तो शब्द सोलून दाखवला. फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे सांज. पूर्वी सणाच्या आदल्या सांजेला सगळे काम थांबवत, त्या सांजेचं हे नाव. पुढे लोकांनी रोजच्या सुटीलाच ते नाव देऊन टाकलं.

"म्हणजे फेस्ताची सांज!" म्हणत यांनी कपाळावर हात मारला. "देवा रे! आज तुळशीचं लग्न!"

बोल्ट राहिला तसाच. सायबाला स्कूटरवर मागे बसवून हे अंगणात हजर, दोघेही लाल मातीने माखलेले. मी ओरडणार होते, पण रडूच आलं. कन्यादान यांनीच केलं. अंतरपाट सायबाच्या हाती दिलेला. भटजींनी "सावधान" म्हणताच तो गरजला, "फायराबेंट!" आणि पाट खाली. भटजीसुद्धा पोट धरून हसले.

महिन्याभराने सायब मायदेशी गेला. मला वाटलं, आता पुन्हा आठ वाजणार, एका शब्दाची पुण्याई किती दिवस पुरणार?

त्या सांजेला तुळशीत दिवा लावत होते, तोच फाटकाशी स्कूटर थांबली. सहासुद्धा वाजले नव्हते.

"फायराबेंट, गो देवकी! चाय ठेव!"

"आणि तुमचा बोल्ट?"

"तो खंय पळता? उद्या!"