आमच्या फाटकापुढचा टँकर

माझं काम आईला कधी धड सांगता आलं नाही. "रस्ते पाहते," असं ती शेजारणींना सांगायची, आणि सांगताना चेहरा असा करायची की पोरीला दुसरं काही जमलंच नाही. खरं तर मी धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांचे मार्ग तपासते. कुठे शाळा आहे, कुठे उतार आहे, कुठे बाजार भरतो, टँकर गळलाच तर माणसं कुठून पळतील, हे आधी बघून ठेवायचं. चालत्या टँकरपेक्षा मला उभ्या टँकरची धास्ती जास्त. वस्तीत उभा राहिला की मागून कोणी येऊन धडकतं, पोरं त्याच्या नळाशी खेळतात, बघ्यांची गर्दी होते. म्हणून माझी पहिली अट ठरलेली: वस्तीत थांबायचं नाही.

नागपूरकडून ॲसिड आणणाऱ्या टँकरचा मार्ग मीच आखला होता. जबलपूरला बाहेरून वळसा, फक्त शेवटचा तुकडा अधारतालच्या मुख्य रस्त्यावरून, आणि पुढे कारखाना. आमचं घर त्याच रस्त्यावर आहे. एका दुपारी मार्ग नीट पाळला जातो का ते पाहायला मी स्कूटीवरून टँकरच्या मागे निघाले. सगळं छान चाललं होतं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटून घेतली. तेवढ्यात टँकर हळू झाला, कडेला लागला आणि थांबला. किराणा दुकान आणि कोचिंग क्लासच्या मधोमध, आमच्याच फाटकापुढे. आतून किटली घेऊन आई आली.

"ये बाबू, आज काहून उशीर केला?"

माझा पारा असा चढला की हेल्मेट काढायचंही सुचलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर ड्रायव्हरचं तोंड उतरलं. "मॅडम, नोकरी जाईल माझी," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला.

"पाहुण्याला असं हाकलते का कोणी?" आई माझ्यावरच उखडली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागे एकदा रस्ता जाम झाला तेव्हा हा टँकर दारापुढे अडकला होता. केबिनवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं. आईने फाटकातूनच जय भीम घातला, ड्रायव्हरने मराठीत उत्तर दिलं, आणि गाव विचारलं तर तिच्या माहेराच्या शेजारचं निघालं. तेव्हापासून तो प्रत्येक खेपेला थांबत होता.

"इथं माझ्याशी मराठीत बोलून राहिलं कोण?" आई म्हणाली. "तुझे लेकरं 'हाँ नानी, हाँ नानी' करतात अन् मोबाइलात घुसतात."

"आई, त्यात तेजाब असते. मला रिपोर्टात लिहावं लागेल."

लिहिलं तर त्या माणसाच्या पोटावर पाय, आणि आईचा एकुलता एक पाहुणा जाणार. नाही लिहिलं, तर क्लास सुटायच्या वेळी कधीतरी काहीतरी होणार, तेही माझ्याच दारात. आईने किटली खाली ठेवली.

"सांडलं तर कुठवर जाते?" तिने विचारलं.

मी क्लासच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. पायऱ्यांवर मुली बसल्या होत्या.

"लिही मग. पण मी बोलावलं, हे पण लिही. अन् धोका मला नको शिकवू. तुझे बाबा जन्मभर फॅक्टरीत तोफगोळ्यांत बारूद भरत होते."

मी खरं तेच लिहिलं, आईच्या चहासकट. ड्रायव्हरला कडक तंबी मिळाली, पण नोकरी वाचली. ज्या साहेबांनी तो कागद वाचून माणुसकी दाखवली, त्यांना मी अजून पाहिलेलं नाही, पण त्यांचे उपकार मानते.

पुढच्या खेपेला मी घरीच होते. टँकर दिसला तशी आई फाटकात जाऊन उभी राहिली. तो सवयीने हळू झाला. आईने ट्रॅफिक पोलिसासारखा हात हलवला, "चल, चल, पुढं हो!" त्याने हसून मान लववली आणि गाडी पुढे काढली. टँकर दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी होती.

आत आले तर गॅसवर किटली. चहा तिने केलाच होता.

"आई, माझ्यापायी तुझा पाहुणा गेला."

"जाते कुठं? सवड मिळाली का ऑटोनं येईल." तिने गॅस बंद केला. "तुझे बाबा रोज घरी आले ना? ते आपोआप नव्हते येत. फॅक्टरीच्या गेटवर एक माणूस रोज त्यांचे खिसे तपासत होता, माचिस तर नाही म्हणून. बाबा घरी येऊन त्याच्या नावानं बोटं मोडत. मी पण मोडली. त्याला कधी घोटभर चहा पाजला नाही आपण."

मग तिने चहा कपात ओतला आणि माझ्यापुढे ठेवला.