घागर यंदा धुळ्यातच भरणार

पोरीला वकिली शिकवायची म्हणून आम्ही गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात आधी चढली ती चाकाची खुर्ची. मग गाद्या, भांडी, पत्र्याची पेटी. माझी पोरगी संगीता ओट्यावर बसून सांगत होती, काय कुठं ठेवायचं ते. लहानपणी तापात तिचे पाय गेले. जीभ शाबूत राहिली.

गिरणाकाठचं आमचं गाव, भडगावच्या अंगाला. निम्मं गाव बघायला जमलं होतं. माझा धाकटा भाऊ सुकदेव टेम्पोला टेकून म्हणाला, "नाना, पोरले झेरॉक्सनं दुकान टाकी दे. कोर्टमा तिले कोन इचारी?" मी दोर आवळत राहिलो. आत पेटीवर बसलेली माझी बायको बोलली, "पोर पांगयी शे, मुकी नही शे. चाल, गाडी काढ."

तेव्हा सुकदेवच्या बोलण्यावर हसणारे तुम्ही गाववाले बरेच जण आता सुरतेत, पुण्यात आहात. सुकदेवबरोबर तुम्हालाही हे लिहितोय. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

धुळ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पहिल्याच दिवशी खुर्चीची पुढची लहान चाकं उंबऱ्याला अडली. माझी बायको तीस वर्षं रोज सकाळी उंबऱ्याला हळदकुंकू लावणारी. तिनं घरमालकाला विचारलं, उंबऱ्याला हात जोडले आणि छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः तो उंबरा फोडला. मला हात लावू दिला नाही. गावाकडं बातमी गेली की नानाच्या घराला उंबरा नाही, लक्ष्मी टिकणार नाही. ती मात्र त्या सपाट जागेवर रोज रांगोळी काढायची. चाकांना लागून रांगोळी घरभर जायची, पांढऱ्या दोन रेघा पार चुलीपर्यंत.

संगीतानं धुळ्यातच वकिली पुरी केली, सनद घेतली. तिच्या काळ्या कोटाच्या बाह्या चाकाला घासून आधी झिजतात, बाकी कोट नवाच राहतो. ती जाते त्या तालुक्याच्या कोर्टाचं नाव लिहीत नाही, तिनं बजावलंय. तिथं सुनावणीची खोली वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. मी गावी असताना हंगामात कापसाच्या जिनिंग गिरणीत पोती वाहिलेली, माझ्या पाठीला बावीस पायऱ्या म्हणजे काय? दर तारखेला तिला पाठीवर घेऊन वर न्यायचो. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

मग तिनं अर्ज दिला, की माझी कामं खालच्या खोलीत चालवावीत. त्या तारखेला मला सांगितलं, "आबा, आज मी वर जाणार नाही. खालूनच हजर आहे म्हणून कळवलंय." मी बरं म्हटलं. पण शिपायानं वरून पुकारा केला. एकदा, दोनदा. एका विधवा बाईच्या घरजागेचा दावा होता, ती बिचारी वर एकटी उभी. तिसरा पुकारा झाला आणि माझा धीर सुटला. वकील नाही म्हणून दावाच काढून टाकतील, असं वाटलं. पोरीला न विचारता उचललं आणि धावत वर गेलो.

वर समोरचा वकील काय म्हणाला? "साहेब, बाई तर दर तारखेला वर येतातच. आजही आल्या. मग अडचण कसली?" अर्ज नामंजूर.

परतताना ती रिक्षात एवढंच बोलली, "आबा, मी काय कापसाचं पोतं आहे?"

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता म्हटलं, "तुमच्या पाठीचं कौतुक झालं. पोरीचं काय झालं?" असं टोचून बोलणारं आता घरात कोणी नाही. पोळ्यानंतर ती गेली, चार दिवसांच्या आजारात. संगीताचा दुसरा अर्ज तेव्हा तसाच पडून होता.

तिच्यानंतर त्याच दाव्याच्या पहिल्या तारखेला मी कोर्टाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसलो. हात काखेत. शेजारी खुर्चीत संगीता. वरून पुकारा झाला. माझे पाय आपोआप उठायला बघत होते, मी दाबून बसलो. दुसरा पुकारा. तिसरा. तोच वकील खाली येऊन हसत म्हणाला, "आबा, उचला की. तुम्हाला सवय आहे."

मी विचारलं, "साहेब, तुमच्या वकिलीला कोणाच्या बापाची पाठ लागते का?"

"नाही."

"मग तिच्या का लागावी?"

तो वर गेला. बराच वेळ कोणी आलं नाही. दावा गेला असंच मी धरून चाललो होतो. संगीता कागद चाळत होती, मान ताठ. मग जज्जसाहेब स्वतः जिना उतरून आले. खालच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीतलं एक कपाट सरकवलं, टेबल मांडलं आणि तिथंच काम चाललं. तिचा अर्ज मंजूर झाला. तिची सगळी कामं आता खाली चालतात. उपकार म्हणून नाही, कायद्यात आहे म्हणून. तिथला संडास अजून दोन पायऱ्या चढूनच आहे. त्याचाही अर्ज गेलाय.

सरकार दिव्यांग म्हणतं, गाव पांगळी म्हणतं. पोरगी म्हणते, नाव काय ते ठेवा, आधी उतार बांधा.

परवा सुकदेवचा फोन आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, गेलेल्या वहिनीच्या नावाची पहिली घागर घरच्या देवापुढं भरली पाहिजे, बठ्ठा वाट दखी ऱ्हायनात, सगळेच वाट बघताहेत. ओट्याच्या पायऱ्यांचं विचारलं तर म्हणाला, "त्यात काय, आम्ही चौघं उचलू तिला."

सुकदेव, प्रेमानंच म्हणालास, माहीत आहे. मीही प्रेमानंच उचललं होतं. माझी पाठ अजून धड आहे, अजून दहा वर्षं उचलीन. पण उचलणार नाही, आणि तुम्हालाही उचलू देणार नाही. आखाजी हा लेकीनं माहेरी यायचा सण. माझी लेक पोत्यासारखी माहेरी येणार नाही. ओट्याच्या तीन पायऱ्यांवर उतार घाला, उंबरा काढा, मग बोलवा. त्याच दिवशी निघतो. तुमची आठवण येत नाही असं नाही. गिरणेचं पाणी अजून जिभेवर आहे.

पण तोवर माझं घर हेच. यंदा घागर इथंच भरणार. नळावरून भरून संगीताच आणणार आहे, मांडीवर घेऊन, एका हातानं घागर धरून. दारात उंबरा नाही, तिच्या आईनं केलेली वाट आहे. मी आज सकाळी तिथं रांगोळी काढली. वाकडी आली. चाकांनी ती आत नेली.