सगळ्या स्क्रीनना एकच शिस्त

नव्वद सालाच्या आसपास पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ, औषधाच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. प्रोग्रामर आम्ही चौघं, आणि चौघांची तोंडं चार दिशांना. एकाच्या स्क्रीनवर एफ-टूचं बटण दाबलं की माहिती साठवली जायची, दुसऱ्याच्या स्क्रीनवर पुसली जायची. विचारलं तर म्हणे, मला असंच बरं पडतं. अरे, पण वापरणार तू आहेस का?

असल्या गबाळेपणाची मला चीड. महिनाभर खपून मीच नियमांची वही केली. शीर्षक कुठे, चौकटी कशा, रंग कोणते. एफ-टू म्हणजे साठवणं, एफ-फाइव्ह म्हणजे पुसणं, आणि दोन्हींच्या आधी तळाशी एकच प्रश्न: 'नक्की? वाय/एन'. साहेबांनी वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं. मी आठवडाभर मिरवत होते.

वहीबरहुकूम एका हॉस्पिटलचा नोंदणीचा प्रोग्राम बदलला आणि सोमवारी सकाळी बसवून आलो. तिथे केसपेपर बघून टाइप करणारी बाई जवळच्या विचुंबे गावची. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली, महिनाअखेर कायम व्हायची होती. तिची नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर. स्क्रीनकडे ती बघायचीच नाही. जुन्या प्रोग्राममध्ये साठवायला एफ-फाइव्ह आणि मग वाय दाबायचं असायचं. बोटांनी तेच दाबलं, मग वाय. फॉर्म रिकामा झाला, तो आधीही व्हायचाच. दुपारी बघतात तर सकाळची एकही नोंद नाही, आणि कागद पेशंटबरोबर गेलेले.

वही प्रोग्रामरांसाठी होती. तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही.

दुसऱ्या दिवशी ती आमचा जिना चढून आली. "ताई, बटन तुमीच बदललं ना? तेवढं लिहून द्या. ते बोलतात, मी कामात लक्ष देत नाय. मला काढतील."

"देते," मी म्हणाले.

साहेब म्हणाले, "आपली चूक लिहिलीस तर हॉस्पिटलचं काम गेलंच समज. वापरणाऱ्याची चूक, एवढंच लिही." एरवी साहेबांशी हुज्जत घालणारी मी, तेव्हा त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. खाली सही केली. लाज वाटली, पण सही करून झाल्यावर.

महिनाअखेर तिला घरी बसवलं. मग मी वहीत एक नियम वाढवला: बटणं बदलली तर वापरणाऱ्याला आधी सांगावं. साहेब म्हणाले, छान आहे. तिने याहून जास्त काही लिहून मागितलं नव्हतं.