आमच्या घरमालकांची वर्गवारी

चित्रगुप्त कधी काळी दीर्घ रजेवर गेलाच, तर त्याच्या जागी प्रभारी म्हणून बसवायला या भूतलावर एकच माणूस लायक आहे, आणि ते म्हणजे मोखाड्याचे आमचे घरमालक. पापपुण्याचं त्यांना कितपत जमेल ते सांगता येत नाही. पण आलेला आत्मा गट अ मधला की गट ड मधला, राजपत्रित की अराजपत्रित, नियमित की कंत्राटी, याचा निवाडा ते दारातच करतील. भलत्या रांगेत उभ्या राहिलेल्या आत्म्याला चष्म्यावरून बघून म्हणतील, "तुमची रांग ती पलीकडची. सही तिकडे करा." आणि आत्मा मुकाट्याने तिकडे जाईल, कारण या माणसाशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

मी सोलापूरकडचा. शाळेवर शिक्षण सेवक म्हणून नेमणूक झाली आणि पेटी घेऊन खोली बघायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला ना नाव विचारलं ना गाव. "नियमित की सेवक?" एवढंच विचारलं. सेवक म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर, ताप मोजायला आलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर असते तशी काळजी दिसली. "म्हणजे तुम्ही अजून वेतनश्रेणीत आलेला नाहीत," ते हळुवारपणे म्हणाले, "याल. खोली घ्या." पुढची तीन वर्षं हा गृहस्थ माझी ओळख करून देताना 'हे होणारे गुरुजी' असंच म्हणायचा. गल्लीतल्या पोरांनीही तेच उचललं. ज्या दिवशी मी नियमित झालो, त्या दिवशी ते झोपाळ्यावरून उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "तुमचा वेतनस्तर आता एस-दहा. मी निवृत्त झालो तो एस-आठवर. यापुढे आधी नमस्कार मी करायचा." मी कानकोंडा झालो. वडिलांच्या वयाचा माणूस! पण तेव्हापासून आजतागायत त्यांनी मला एकदाही पहिला नमस्कार करू दिलेला नाही. मी दुरून हात उचलायला लागलो की ते चालण्याचा वेग वाढवतात.

तालुक्याच्या कचेरीत त्यांची सारी नोकरी आस्थापना शाखेत गेली. कोण कोणत्या पदावर, त्या पदाला कोणता स्तर, वेतनवाढ कधी, हे त्यांचं काम. आणि माणूस निवृत्त झाला तरी काम काही अंगातून निवृत्त झालं नाही. दारातला कुत्रा त्यांच्या लेखी 'पहारेकरी, गट ड, रोजंदारी'. शेजाऱ्यांची मांजर दूध प्यायला येते, ती 'प्रतिनियुक्तीवर'. कोलम तांदूळ गट ब, त्याला थोडा मान आहे. नागली, म्हणजे नाचणी, गट क, पण कचेरी तिच्यावरच चालते. इकडे मोखाड्यात बोहाड्याला देवांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, तिथेही यांची नजर संबळाच्या ठेक्यावर नसते. गणपती राजपत्रित, कारण त्याच्याशिवाय आरंभ होत नाही. सोंग बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे ही नेमणूक अनुकंपा तत्त्वावर. राक्षस बिचारा कितीही जीव तोडून नाचला तरी कंत्राटी, कारण त्याची गरज एका प्रवेशापुरती. एकदा एका राक्षसाने मुखवटा काढून यांना हसत विचारलं, "काका, मला कधी कायम करताय?" तर हे गंभीरपणे म्हणाले, "वध झाल्यावर पद आपोआप संपुष्टात येतं, बाबा. माझ्या हातात काही नाही."

लोक हसत. मीही हसायचो. पण एकदा उन्हाळ्यात अंगणात बसलो असताना मी जरा चिडूनच म्हणालो, "काका, माणसाला असं खणाखणात घालून काय मिळतं हो तुम्हाला?" तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "माणसाला कुठे घालतो, गुरुजी? श्रेणी माणसाची नसते, कामाची असते. कामाला शिक्षण किती लागतं, जबाबदारी किती, हाताखाली किती जण, आणि अंगावर काय येऊ शकतं, एवढं बघायचं. घाटात एस.टी. चालवणाऱ्याचं आणि तिकीट फाडणाऱ्याचं काम एक नव्हे. माणूस कोणाचा का असेना." मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील जामसरचे, थोडी भातशेती, आणि बाकीचे महिने जंगलखात्याच्या रोजंदारीवर. "त्यांची नोकरी रोज संध्याकाळी संपायची. सकाळी परत जाऊन विचारायचं, आज काम आहे का? आयुष्यभर विचारलं. मला नोकरी लागली तेव्हा ते पगाराबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, उद्या परत इचारावं लागंल का रं? मी म्हटलं, नाही बा, आता विचारायचं नाही. तर रडायलाच लागले." काकांनी चष्मा पुसला. "श्रेणी म्हणजे तेवढंच. उद्या विचारावं लागत नाही." त्यानंतर मी त्यांच्या वर्गवारीला हसलो, पण पूर्वीसारखा नाही.

आता अशा माणसाच्या घरात देवाने काय करावं? काकूंना दिलं अंशकालीन स्त्री परिचराचं काम. हे पद ज्यांना माहीत नाही त्यांनी बिचकू नये. सरकारलाही ते पुरतं माहीत नाही. सूर्यमाळच्या अंगाला एक आरोग्य उपकेंद्र आहे. ते झाडायचं, उपकरणं उकळायची, चैत्र-वैशाखात झऱ्यावरून हंड्याने पाणी आणायचं, नर्सबाईंबरोबर पाड्यापाड्यावर फिरायचं, कुठली बाई अवघडली आहे, कुठलं पोर डोसाला आलं नाही ते बघायचं, आणि अडलेल्या बाईला झोळीतून रस्त्यापर्यंत आणताना पुढे चालायचं. या सगळ्याला सरकारी भाषेत 'अंशकालीन' म्हणतात. त्याला मानधन आहे. श्रेणी, स्तर, वेतनवाढ काही नाही. नर्सबाया बदलून गेल्या, काकू राहिल्या. काकू म्हणजे पोशेऱ्याच्या माहेरवाशीण, आवाज असा की समोरच्या डोंगरावरच्या बाईला फोन करावा लागत नाही. नवऱ्याची खिल्ली उडवायला त्यांना मुहूर्त लागत नसे. काका कोणाला वेतनस्तर समजावत बसले की चहा ठेवता ठेवता आतून आवाज यायचा, "यांनी आख्ख्या तालुक्याला श्रेण्या वाटल्या, आन् घरात बिनश्रेणीची भाकर खातात!" आम्ही सगळे हसायचो. एकटे काका हसायचे नाहीत.

कारण ते त्यांना खरोखर लागलेलं होतं. निवृत्ती झाली की बाकीचे लोक काशी-रामेश्वर करतात. यांनी जिल्ह्याचं गाव धरलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पिशवीत नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी, आणि पहिली एस.टी. काकूंचं काम संपायच्या आत, निदान एक दिवस का होईना, त्यांना वेतनश्रेणीत आणायचंच, असा त्यांनी चंगच बांधला. कुठल्या टेबलावर कोण बसतं, कोण जेवायला कधी उठतं, कोणाला आधी गोड बोलावं लागतं, सगळं त्यांना पाठ झालं. काही साहेब त्यांना बघितलं की मागल्या दाराने जात, मग हेही मागल्या दारालाच बसू लागले. एका तरुण साहेबांनी एकदा मोठ्या धीराने समजावलं, "काका, काम अंशकालीन आहे. पूर्णवेळ नाही. त्याला श्रेणी कशी देणार?" हे शांतपणे म्हणाले, "हरकत नाही, साहेब. दिवसाचा कुठला अंश ते तेवढं नक्की करून द्या. त्याच अंशात बाळंत व्हायला मी सूर्यमाळच्या बायांना सांगून येतो." साहेब म्हणे हसले आणि त्यांनी चहा मागवला. काकांनी चहा घेतला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. घरी काकू म्हणायच्या, "आवो, जाऊ द्या ना. मला काय त्या श्रेणीत बसून उडायचं हाय का?" त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर, "तुला नसेल बसायचं. पण तुझं काम बसलंच पाहिजे."

नाही बसलं. काकूंचा शेवटचा दिवस जवळ आला आणि वरून उत्तर आलं की हे पद वेतनश्रेणीत मोडत नाही, सबब विनंती अमान्य. काका त्या दिवशी घरी आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवरच झोपाळ्यावर बसून राहिले. मी जवळ जाऊन बसलो. "गुरुजी," ते म्हणाले, "शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची वेतननिश्चिती केली. घरातलं एक माणूस राहून गेलं." फार वाईट वाटलं. पण तासाभराने त्यांनी मला हाक मारली तेव्हा पंच्याने तोंड पुसून झालं होतं आणि आवाज परत आस्थापना शाखेचा झाला होता. "निरोप समारंभ करायचा," ते म्हणाले. अंशकालीनांना निरोप द्यायची पद्धत नाही. त्यांचं काम थांबतं आणि दुसऱ्या दिवशी त्या येत नाहीत, एवढंच. पण काकांनी ठरवलं होतं म्हणजे होणारच होतं.

उपकेंद्राच्या ओट्यासमोर मांडव घातला. खुर्च्या अर्थात श्रेणीनुसार. पुढे मध्यभागी हाताची, पाठीवर धुतलेला नॅपकिन, ती डॉक्टर मॅडमची, गट अ. तिच्या बाजूला बिनहाताच्या, गट क साठी. मग बाकं, मग सतरंजी. काकांनी स्वतः उभं राहून मांडलं. आणि मग डोंगरावरून पाड्यांवरच्या बाया उतरायला लागल्या, लेकरं काखेत, म्हाताऱ्या काठी टेकत. इतक्या येतील असं कोणाला वाटलंच नव्हतं. त्यांना ना कुठली श्रेणी, ना रांग. जिथे जागा दिसली तिथे बसल्या. एक पाऽर वाकलेली म्हातारी सरळ पुढे आली आणि नॅपकिनच्या खुर्चीत ऐसपैस बसली. काका लगबगीने गेले. "आजी, ही खुर्ची गट अ ची आहे." म्हातारी म्हणाली, "असंल. माझं पाय दुखतात." काकांनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मला वाटलं, आता नियम निघणार. पण त्यांनी तिच्या पाठीमागचा सरकलेला नॅपकिन नीट केला आणि मागे झाले. डॉक्टर मॅडम मघाशीच सतरंजीवर बसून कोणाचं तरी पोर खेळवत होत्या.

भाषणं झाली. शेवटी काका उठले. कचेरीतल्या प्रत्येक निरोपाला मानपत्राआधी ते तीन गोष्टी वाचून दाखवत, नाव, पदनाम आणि वेतनश्रेणी, आणि मग टाळ्या पडत. इथेही तसंच सुरू केलं. काकूंचं नाव घेतलं, पूर्ण, माहेरच्या नावासकट. पदनाम सांगितलं. मग "वेतनश्रेणी" म्हणाले आणि थांबले. मग ते कचेरीची भाषा सोडून आपल्या घरच्या बोलीत, फक्त काकूंकडे बघत म्हणाले, "ती काय मला मिळवता आली नाय गं." माझ्या शेजारची नर्सबाई डोळे पुसायला लागली, आणि खरं सांगायचं तर मीही. काकूंनी पदर सावरला. "बसा आता खाली," त्या म्हणाल्या, "कवाचे हुबे हाय तुमी." आणि स्वतः उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांचा तो डोंगर ओलांडणारा आवाज त्या दिवशी पुढच्या बाकापर्यंतसुद्धा नीट आला नाही.

मला वाटलं, संपलं. आता काका झोपाळ्यावर बसतील, नातवंडं खेळवतील, मांजरीची प्रतिनियुक्ती वाढवतील. पण पुढच्या सोमवारी शाळेला निघालो तर अंगणात इस्त्रीचा पांढरा शर्ट! हातात पिशवी. नेहमीप्रमाणे त्यांनीच आधी नमस्कार केला. "काका, आता कुठे?" मी विचारलं. "जिल्ह्याला." मी चाचरत म्हणालो, "पण काकू तर सुटल्या ना आता?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पहिलीतल्या पोरासारखी बेरीज चुकलो होतो. "ती सुटली. तिच्या जागी पोशेऱ्याची पोरगी लागली आहे, लग्न होऊन वर्ष नाही झालं. तिला काय सांगू, गुरुजी? तूही पुढं रोज विचारत राहा?" एस.टी.चा हॉर्न ऐकू आला आणि ते झपाझप निघाले. गुडघे दुखतात त्यांचे, उतारावर जरा तिरके चालतात.

काकू दारात उभ्या होत्या. एरवी त्या मागून काहीतरी टोमणा नक्की मारायच्या. मी त्याची वाटही बघत होतो. पण गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आज भाकर एक जास्तीची घातली हाय. उशीर व्हईल त्यांना."