कोपरा फाडलेलं पत्र

तिरोडीच्या मॅंगनीज खाणीच्या कार्यालयात टपाल आलं की गुणाकर दुरुगकर आधी प्रत्येक पत्राचे चारही कोपरे तपासतो. शिपाई पुनारामला आता त्याची सवय झाली आहे.

"साहेब, सर्कुलर हाय ते," तो म्हणतो. "सर्कुलरच्या घरी कोणी मरत नाही."

बालाघाटकडे मरणाच्या बातमीचं पत्र कोपरा फाडून पाठवतात. वाचण्याआधीच कळावं म्हणून. असं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडून टाकतात.

१९६५ च्या सप्टेंबरात गुणाकर सरकारी शिष्यवृत्तीवर पूर्व जर्मनीत खाणविद्या शिकायला गेला. वडील चिंतामण कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. गोंदियाच्या छोट्या गाडीत बसवताना ते एवढंच म्हणाले, "पास होऊनच ये." आई अलकनंदाला लिहिता येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी वडील निळं हवाई पत्र लिहायला बसत, ती शेजारी बसून सांगे, आणि शेवटी तिच्या ओळी येत. आई विचारते, तिथे गवार मिळते काय. आई म्हणते, गार पाण्यात हात घालू नको, तुझी बोटे फुटतात.

डिसेंबरात तिथे दुपारी चारला अंधार पडायचा. वर्गातलं निम्मं कळायचं नाही. जे कळायचं त्यावर बोलायला शब्द नसायचे. गुणाकर कोट घालूनच पलंगावर पडून राही आणि मोठ्याने स्टेशनं म्हणे: गोंदिया, बिरसोला, हट्टा रोड, बालाघाट. मराठी ऐकायला दुसरा उपाय नव्हता. खोलीत सोबत राहणारा व्हिएतनामचा लाम पहिल्यांदा घाबरला, मग त्याला ती प्रार्थना वाटली आणि तो तेवढा वेळ बाहेर थांबू लागला.

जानेवारीत गुणाकरने लिहिलं, मला करमत नाही, मी परत येतो. उत्तर आलं, असे पुन्हा लिहू नये. त्या पत्रात आईची ओळ नव्हती.

मार्चमध्ये लाम खालून टपाल घेऊन आला. हवाई पत्राचा खालचा डावा कोपरा फाटलेला होता. गुणाकरने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. त्याने पत्र उघडलं. आत लिहिलं होतं, येथे सर्व कुशल. आई म्हणते, प्रकृतीस जपावे.

मग तो लामवर ओरडला, "तू फाडलंस? सांग, तू फाडलंस ना?"

"माफ कर," लाम म्हणाला. "माफ कर, चुकलं माझं."

परदेशी मुलं तिथे सगळ्यात आधी माफी मागायला शिकत. कोणी आवाज चढवला की तेच वाक्य तोंडातून येई. गुणाकरही दुकानात, ट्राममध्ये तेच करायचा. पण त्या क्षणी त्याला ते आठवलं नाही. तो हसत सुटला. लामही हसला, कशाला ते न कळता.

त्या संध्याकाळी गुणाकर कित्येक दिवसांनी खाली सगळ्यांसोबत जेवला. पुढे काळा पाव अंगवळणी पडला, जर्मनमध्ये थट्टा करता येऊ लागली. बर्फावर घसरायला शिकला तेही घरी कळवलं, आणि प्रत्येक पत्राखाली लिहिलं, आईस नमस्कार.

१९७१ च्या जुलैत तो बालाघाटला उतरला. फलाटावर वडील एकटे होते.

"आई?"

"काविळीनं गेली. सहासष्टच्या फेब्रुवारीत."

गुणाकर पेटीवर बसला. "तार काहून नाही केली?"

"तू आला असता."

"हौ. आलो असतो."

"तेच त," चिंतामण म्हणाले. "खोटं लिवलं, पण कोपरा फाडलता मी. रीत सोडली नाही. तू आपला नमस्कार लिवत राह्यला. म्हटलं, समजलं नाही त बरंच झालं. मंग मी बी चालू देलं."

घरी आल्यावर गुणाकरने पेटीतली पत्रं लावून पाहिली. गवार आणि फुटलेली बोटं जानेवारीआधीच संपली होती. मार्चपासून आई एखाद्या हेडक्लार्कसारखी बोलत होती. प्रकृतीस जपावे, वेळेचा सदुपयोग करावा, वरिष्ठांचा मान राखावा. सव्वापाच वर्षांत त्याला ते एकदाही खटकलं नव्हतं.

"जानेवारीत मी येतो म्हणून लिवलतं," तो म्हणाला. "तवा आई काय म्हणे?"

चिंतामण तांदूळ निवडत होते. आता स्वयंपाक तेच करत. "म्हणे, करमत नाही त येऊ द्या त्याले. चार डाव म्हणाली." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "तेवढं लिवलं नाही मी."

गुणाकरने पत्रं उचलली.

"ते कोपऱ्याचं पत्र घरात ठिवू नको," वडील मागून म्हणाले.

त्याने घरात ठेवलं नाही. तिरोडीला कार्यालयातल्या त्याच्या टेबलाच्या खणात ते अजून आहे.