सात वाट्यांतले स्क्रू

मंगळवारी माझी बायको गेली. चहा झाला होता. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि खाली बसली. डॉक्टर आले, त्यांनी वेळ लिहिली. टेबलावर भुईगावच्या एका बाईंचा टाइपरायटर उघडा होता.

ती कोर्टात टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर तिला जुन्या पोर्टेबल टाइपरायटरांचा नाद लागला, म्हणजे मूठ असलेल्या पेटीत बसतात तेवढ्या मशीनांचा. आम्ही वसईजवळ चंदनसारला राहतो. इथल्या भंगारवाल्यांकडून ती गंजलेली मशीनं आणायची आणि चालती करायची. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरातली कपाटं माझी, टेबल तिचं. मी वाचत बसायचो आणि मागून स्क्रू वाटीत पडल्याचा आवाज यायचा.

वाट्या हीच तिची पद्धत. एक भाग उघडला की त्याचे स्क्रू एका वाटीत, पुढचा भाग पुढच्या वाटीत, डावीकडून उजवीकडे. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. कागदावर काही लिहायची गरज तिला कधी पडली नाही. भुईगावच्या मशीनच्या सात वाट्या झाल्या होत्या.

तेराव्याला जेवायला माणसं जास्त आली. माझी धाकटी बहीण वाट्या शोधत बाहेरच्या खोलीत आली.

"दादा, वहिनीने सगळ्यात चांगल्या वाट्या खिळ्यांना दिल्यात बघ!"

तिने सातही वाट्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतल्या, टेबल पुसलं, खालचा केर काढला आणि वाट्या घासून आणल्या. मी पाहत होतो. काहीतरी मोडतंय हे मला कळत होतं, पण तिचे डोळे रडून सुजले होते आणि पंगत थांबली होती. त्यातल्याच एका वाटीतून मी खीर खाल्ली.

जानेवारीत भुईगावच्या बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात सुकेळ्यांचा पुडा. बराच वेळ बायकोबद्दल बोलल्या आणि मग हळूच मशीनकडे आल्या.

"सर, बाबांनी माझ्या लग्नाची पाकिटं ह्याच्यावर टाइप केली. पोरांची मी केली. आता ईस्टरनंतर नातीचं लग्न आहे. हाताने लिहिलेलं पाकीट गेलं तर अख्खं गाव विचारेल, काय हो, तुमचं मशीन मेलं काय?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मला हसू आलं. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. त्या हसण्याच्या भरात मी म्हणालो, "पाकिटं मशीनवरच होतील." तोवर मी आयुष्यात पंख्याचा रेग्युलेटरही उघडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बरणी वर्तमानपत्रावर उलटी केली. सगळे स्क्रू सारखेच दिसत होते. भिंग घेऊन बसलो तेव्हा ते वेगळे होऊ लागले. काहींचे आटे थेट डोक्यापर्यंत जातात. काहींच्या डोक्याखाली गुळगुळीत मान असते. तीन दिवस मी त्या मानेचा विचार करत होतो. मग एक पट्टी हातात धरून हलवली तेव्हा कळलं: जो भाग फिरायला हवा तो त्या मानेवर फिरतो, जो हलता कामा नये त्याला आट्यांचा स्क्रू घट्ट आवळून धरतो. एखाद्या भाषेची पहिली दोन अक्षरं लागावीत तसा आनंद मला झाला, आणि तो सांगायला मी स्वयंपाकघरापर्यंत गेलोही.

पण ढीग लावणं म्हणजे जागा सापडणं नव्हे. जागा सापडली ती तिच्या स्वतःच्या मशीनमुळे. ती ज्यावर पत्रं लिहायची ते पोर्टेबल ह्याच कारखान्याचं, ह्याच घडणीचं होतं. मी एक नियम केला: त्यातला एकच स्क्रू काढायचा, बरणीतला त्याचा जुळा शोधायचा, तो भुईगावच्या मशीनला बसवायचा, आणि काढलेला परत जागेवर गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. एखाद्या दिवशी चार स्क्रू व्हायचे, एखाद्या दिवशी एकही नाही. भुईगावच्या मशीनमध्ये खाऱ्या हवेने धरलेला तांबूस गंज होता. तिच्या मशीनमध्ये, चाव्यांच्या खाली, खडूसारखी पांढरी भुकटी. चुकलेलं अक्षर झाकायला ती वापरायची त्या पांढऱ्या पट्टीची. इतकी भुकटी पाहून मला नवल वाटलं. ती चुकत नाही असा माझा समज होता.

मार्चमध्ये बरणी रिकामी झाली. मी कागद घातला आणि पाच अक्षरं टाइप केली. कागद धरणारं कॅरेज हललं नाही. पाचही अक्षरं एकमेकांवर बसली. दोन्ही मशीनं शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक सापडला. प्रत्येक अक्षरानंतर कॅरेजला एक घर पुढे सोडणारी तांदळाएवढी स्प्रिंग तिच्या मशीनमध्ये होती, इथे नव्हती. मी बहिणीला फोन केला.

"तेराव्याच्या दिवशी केर कुठे टाकलास गं?"

"दादा, चार महिन्यांपूर्वीचा केर विचारतोयस? बरा आहेस ना? येऊ का मी?"

"नको," मी म्हणालो. कारण सांगितलं नाही.

वसईपासून मुंबईपर्यंत विचारलं. तसली स्प्रिंग कोणाकडे नव्हती. एका मशीनचा भाग काढून दुसऱ्याला लावणं बायको नेहमीच करायची, पण स्वतःच्या मशीनला तिने कधी हात लावला नव्हता. दोन दिवस मी टेबलापाशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चिमट्याने ती स्प्रिंग काढली आणि भुईगावच्या मशीनला बसवली.

बाई नातीला घेऊन आल्या. पाकीट घालून दोन बोटांनी एक ओळ टाइप केली, चष्मा वर करून पाहिली.

"टी अजून वर उडतो."

"तो सरळ करायला मला जमलं नाही."

"बरं झालं. बाबांपासून उडतोय तो. सरळ केला असता तर मी म्हटलं असतं, सर, हे दुसऱ्या कोणाचं मशीन दिलंत."

नात त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मला ते कळलं नाही. मशीन पेटीत घालून त्या रिक्षाने गेल्या.

आता टेबलावर तिचं मशीन आहे. त्याचे सगळे स्क्रू जागेवर आहेत. एक स्प्रिंग नाही, म्हणून अक्षरं एकावर एक पडतात.