डाळिंबाला पान

आमच्या ह्यांचं आणि सांगीनचं दुकान म्हणजे एक ऐरण. सरकारी सामायिक शेती मोडली, ट्रॅक्टरशेडमधली दोघांची लोहारकामाची नोकरी गेली, तेव्हा निघताना त्यांनी ती ऐरण गाढवाच्या गाडीवर घातली आणि आणून टाकली आमच्या दारात. मी म्हटलं, हे धूड इथं नको. गुलमुरोद, म्हणजे आमचे हे, म्हणाले, मग मीही इथं नको. आता काय बोलणार कप्पाळ! ऐरण राहिली.

फावड्यावर दोघांचा मिळून एक ठसा असायचा. ह्यांनी डाळिंब ठोकायचं, सांगीननं त्याला पान. दोन्ही उमटल्याशिवाय फावडं दाराबाहेर जाणार नाही, अशी ऐरणीवर हात ठेवून शपथ घेतलेली. बावीस वर्षं पाळली. अबोला असला तरी डाळिंब ठोकलेलं फावडं मुकाट्यानं पलीकडं सरकायचं आणि पान लागून परत यायचं.

शेवटची चार वर्षं सांगीन खोकत बसून नुसतं पान तेवढं ठोकायचा. लाल लोखंड बुडवून त्याला टणकपणाचं पाणी चढवायची ती त्याची मुलगी निझोरा, दार लावून. गावाला ठाऊक होतं. दार लावलेलं होतं म्हणून चालत होतं.

हिवाळ्यात सांगीन गेला. त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर ह्यांनी दार सताड उघडलं आणि पानाचा ठसा निझोराच्या हातात दिला. झालं! शोदमोन पाटकरी, ज्याच्या हातात सगळ्या गावाचं पाणी, तो चहाच्या टपरीवर बसून सांगायला लागला की बाईच्या हातानं लोखंड ठिसूळ होतं, आणि वडीलधाऱ्यांच्या दुव्याशिवाय उस्ताद होता येत नाही. ह्यांना म्हणाला, नुसत्या डाळिंबावर भागवा की.

"अर्धा ठसा मी विकत नाही," हे म्हणाले.

आणि नाहीच विकला. दुव्याशिवाय निझोरा पान ठोकेना, नुसत्या डाळिंबाची फावडी भिंतीशी रचली गेली. पाटातला गाळ उपसायचे दिवस तोंडावर आले, गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली, आमचं पीठ तळाला लागलं. मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. ते ऐकून निझोरा म्हणाली, काकू, मी जाते शहरात मावशीकडं. तेव्हा मात्र माझंच डोकं फिरलं. चार वर्षं भट्टीपुढं भाजून निघाली पोर, आणि जायचं तिनं?

मग रीतीप्रमाणं तिच्या कमरेला उस्तादाचं फडकं बांधायचा दिवस ठरवला. उसनवारी करून बकरं कापलं, मोठी कढई भरून पुलाव शिजवला, झाडून सगळ्या वडीलधाऱ्यांना बोलावणं धाडलं. दुपार टळली तरी एक जण फिरकला नाही. हे फडकं हातात घेऊन ऐरणीशी उभे, निझोरा मान खाली घालून, आणि पुलाव करपायला आलेला. संताप संताप झाला माझा.

डोक्याचा रुमाल आवळला आणि गल्लीतल्या बायकांना दारोदार हाका घालत सुटले. हे मागून म्हणाले, अगं, साक्षीला मोठी माणसं लागतात.

"माणसंच आणतेय," मी म्हटलं. "दाढी लागते असं कुणी सांगितलंय?"

बायका आल्या. कुणी पिठाच्या हातांनी, कुणी पोर काखोटीला मारून. पोटभर जेवल्या. ह्यांनी फडकं बांधलं, आम्ही सगळ्यांनी हात उचलून लोहारांचे पहिले उस्ताद हजरत दाऊद यांच्या नावानं दुवा दिला, आणि निझोरानं पान ठोकलं. पहिलंच जरा वाकडं बसलं. मी रडले, त्यात लाज कसली?

तिसऱ्या दिवशी शोदमोन दारात. हातात जुनं फावडं, पार झिजून गेलेलं पण कुठं तडा नसलेलं, निझोरानंच पाणी चढवलेलं. रचलेल्यातलं नेमकं वाकड्या पानाचं फावडं त्यानं उचललं. ठशावरून अंगठा फिरवला, निझोराकडं बघितलं आणि मला विचारलं, "हिला दुवा दिला कुणी?"

"तुम्हाला जेवायला बोलावलं होतं, शोदमोनभाऊ," मी म्हटलं. "आता कढई घासून झाली."

फावडं मात्र त्यानं खाली ठेवलं नाही.